पंधरा दिवसांचा कागद

११ मार्च २०२५, मंगळवार

तारखेप्रमाणे आज संभाजी महाराजांचा स्मृतिदिन. फेब्रुवारीच्या मध्यावर ‘छावा’ चित्रपट लागला तेव्हापासून संगमेश्वरच्या कसब्याकडे येणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. त्यातच काल अर्थसंकल्पात संगमेश्वरात महाराजांचं स्मारक उभारण्याची घोषणा झाली. १ फेब्रुवारी १६८९ ला मुकर्रबखानाने महाराजांना पकडलं ते इथे. आज पाहायला आलेली माणसं वाड्यासमोर चपला काढून उभी राहत होती, कर्णेश्वराच्या देवळात जाऊन बसत होती. एवढी गर्दी, पण कुणी कुणावर आवाज चढवला नाही.

देवरुखला कोर्टात जाताना तहसील कचेरीच्या फलकावर नवा मनाई आदेश लागलेला दिसला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७, पोटकलम (१) आणि (३). जुने वकील अजून त्याला मुंबई पोलीस कायदा म्हणतात. पोटकलम (१) खाली काठ्या, तलवारी, भाले, सुरे, स्फोटकं बाळगायला, दगड जमवायला, पुतळ्यांचं प्रदर्शन करायला, आणि सभ्यता किंवा राज्याची सुरक्षितता धोक्यात येईल अशी भाषणं आणि हावभाव करायला मनाई करता येते. पोटकलम (३) खाली सभा-मिरवणुकांवर बंदी घालता येते, पण पंधरा दिवसांच्या वर ती ठेवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून हा कागद नेहमी पंधरा दिवसांचा असतो. पंधरा दिवस संपले की पुढचा येतो. कारणांचा परिच्छेद जवळपास तोच: आगामी सण, जयंत्या, विविध पक्ष-संघटनांची आंदोलनं, कायदा व सुव्यवस्था अबाधित राहावी म्हणून. लग्नाला, अंत्ययात्रेला सूट.

फलकासमोर सातबाऱ्यासाठी आलेली माणसं रांगेत होती. एकानेही वर पाहिलं नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाचा बराच काळ पाच माणसांनी रस्त्यावर एकत्र यायला परवानगी लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. कसब्यातल्या आजच्या गर्दीलाही कुणी अडवलं नाही. मग हा कागद कुणासाठी असतो? जो कुणी मागणी घेऊन उभा राहील, त्याच्यासाठी तो तयार करून ठेवलेला असतो. ज्याला अडवायचं त्याच्याविरुद्ध गुन्हा आधीच तयार, बाकीच्यांना काही कळतही नाही. कायद्याचं राज्य असं चालू नये.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आज गावोगाव होम लागतील. मुंबईकर कालपासून उतरताहेत, संगमेश्वर रोड स्टेशनावर पहाटे पाय ठेवायला जागा नव्हती.

दुपारी एका गावची चार माणसं घरी आली. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. भांडण आमच्या भागाला नवं नाही. शिमग्यात देवाची पालखी आधी कुठल्या वाडीत जायची, पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं. दोन वाड्या दोन तट. गेल्या वर्षी पालखी ठेवतात त्या सहाणेवर धक्काबुक्की झाली होती. यंदा दोन्हीकडच्या वीस-वीस जणांना पोलिसांची नोटीस आली आहे. पूर्वी हिला सगळे ‘१४९ ची नोटीस’ म्हणत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तीच नोटीस १६८ खाली निघू लागली. १०७ चा बाँड आता १२६ मध्ये, प्रतिबंधक अटकेचं १५१ आता १७०. आणि १४४, जे शाळेतल्या पोरालाही पाठ होतं, ते १६३ झालं. आत फारसं काही बदललेलं नाही. आदेश मोडल्याची शिक्षा मात्र बदलली. जुन्या दंड संहितेच्या १८८ मध्ये एक महिना किंवा २०० रुपये दंड, जीविताला धोका झाला तर सहा महिने. नव्या न्याय संहितेच्या २२३ मध्ये साध्या मोडणीलाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपये, आणि धोका झाला तर वर्षापर्यंत. एवढी वाढ झाली आणि गावात एकालाही माहीत नाही.

त्यांना एवढंच सांगितलं: नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, घाबरू नका, पण मिळाल्याची सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला.

१५ मार्च, शनिवार

त्या गावात १६३ लागलं. आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा. संपूर्ण महसुली गावाच्या हद्दीत पाच किंवा अधिक जणांनी जमायचं नाही, पालखी देवळाबाहेर काढायची नाही, मुदत दोन महिने. दोन महिने ही कायद्याने दिलेली कमाल मर्यादा आहे. त्यापुढे वाढवायचं तर राज्य सरकारने, आणि तेही मूळ आदेशाच्या मुदतीपासून सहा महिन्यांच्या आत. पण कमाल म्हणजे दर वेळी तेवढंच घ्यायचं असं नाही. शिमगा संपला की ज्या भांडणाचा जीव संपतो, त्याला मेपर्यंत जमावबंदी कशाला?

आदेश दोनदा वाचला. धोका काय, याबद्दल एक वाक्य: ‘दोन गटांत तणाव असल्याने.’ कलम १६३ सांगतं की आदेशात प्रकरणातल्या महत्त्वाच्या वस्तुस्थिती लिहाव्या लागतात. कोणत्या तारखेला काय घडलं, कुठल्या जागी, कुणी कुणाला धमकावलं. तणाव हे वस्तुस्थितीचं नाव नव्हे.

तिसऱ्या वाडीतल्या बायका संध्याकाळी आल्या. त्यांचा या भांडणाशी संबंध नाही. पालखी अंगणात येते तो दिवस त्यांचा असतो. ओटी भरायची, नवस फेडायचा. त्यांतली एक म्हणाली, ‘‘वकीलबाई, भांडलं कोण आनि दार बंद कुनाचं झालं?’’

त्यांच्याच नावाने अर्ज तयार करते आहे. कलम १६३ चं पाचवं पोटकलम: ज्याला आदेशाची झळ बसते तो कोणीही त्याच दंडाधिकाऱ्याकडे आदेश रद्द करा किंवा बदला म्हणून अर्ज करू शकतो. सातवं पोटकलम: अर्जदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत लवकरात लवकर म्हणणं मांडू द्यायचं, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यायची. ही तरतूद जुन्या १४४ मध्येही होती. इतक्या वर्षांच्या वकिलीत ती वापरलेली फार थोड्या वेळा पाहिली. लोक थेट उच्च न्यायालयाचं नाव काढतात, मुंबईचा खर्च ऐकतात आणि गप्प बसतात. देवरुखातल्या देवरुखात, साध्या कागदावर हे मागता येतं.

१८ मार्च, मंगळवार

रात्री नागपूरहून पुतण्याचा फोन. काल तिथीने शिवजयंती होती. दुपारी महाल भागात औरंगजेबाची कबर हटवा म्हणून आंदोलन झालं, कबरीची प्रतिकृती जाळली. पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि संध्याकाळनंतर महाल, हंसापुरी भागात दगडफेक, जाळपोळ. पोलीस उपायुक्तांसकट कितीतरी पोलीस जखमी. आज पोलीस आयुक्तांनी कलम १६३ खाली कोतवाली, गणेशपेठ, लकडगंज, पाचपावली अशा अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावली आहे. जमावबंदीत एकट्याने दळण आणायला जाता येतं, संचारबंदीत तेही नाही. ‘‘काकू, खाली किराणा आहे पण उतरता येत नाही,’’ तो म्हणाला. त्याला दूध नाही मिळालं तर बिनदुधाचा चहा पी म्हटलं, आणि खिडकीत उभा राहून व्हिडिओ काढू नको असं दोनदा बजावलं.

संगमेश्वरात ही बातमी वेगळ्या जड मनाने वाचली गेली. महाराज पकडले गेले ती जागा आमची. त्यांच्या नावाने साडेतीनशे वर्षांनी नागपूरच्या गल्लीत माणसांची घरं आणि गाड्या जळाव्यात, हे इथे कुणालाही नको आहे. कसब्यात देवळं आणि मशिदी हाकेच्या अंतरावर आहेत. पुण्यतिथीला आलेल्या पाहुण्यांना सरबत विकणाऱ्यांत दोन्हीकडची माणसं होती.

नागपूरचा आदेश मला पटतो. दगड हातात आला, पेट्रोलचा वास आला, अफवा माणसापेक्षा वेगाने धावायला लागली की रस्ता रिकामा करावाच लागतो. तो न केला तर मरतो तो घरी परतणारा मजूर.

नागपूरचंच प्रकरण पुस्तकांतून काढलं: बाबूलाल पराते विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६१. १९५६ च्या जानेवारीत तिथल्या कापड गिरण्यांत दोन कामगार संघटनांचा वाद पेटला होता आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १४४ लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम वैध ठरवलं. निकाल न्या. मुधोळकरांनी लिहिला. धोका प्रत्यक्ष घडण्याची वाट न पाहता आधीच आवर घालता येतो, पण प्रसंग तातडीचा हवा, असा त्याचा गाभा. नऊ वर्षांनी पुण्याचे मधू लिमये याच कलमाला आव्हान देत बिहारमधल्या मुंगेरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात गेले. सात न्यायाधीशांनी १९७० मध्ये पुन्हा कलम टिकवलं आणि पुन्हा तीच अट घातली. म्हणजे कलम दोनदा टिकलं ते तातडीच्या आधारावर. पंधरवड्यामागून पंधरवडा चालणारी तातडी त्या निकालांत कुठेच नाही.

१९ मार्च, बुधवार

सुनावणी झाली. दंडाधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. मानाचा हक्क कुणाचा, हे आम्ही विचारलंच नाही. तो दिवाणी न्यायालयाचा प्रश्न आहे, १६३ खाली कुणाचा हक्क ठरवता येत नाही. आमचं म्हणणं एवढंच की धोका सहाणेवर आणि दोन वाड्यांमधल्या पाखाडीच्या वाटेवर आहे, तर मनाई तिथेच आणि तेवढेच दिवस ठेवा. पोलीस निरीक्षकांचा अहवाल मागितला. त्यातही जागा तीच लिहिलेली निघाली. अख्खं गाव आदेशात कुठून आलं, याचं उत्तर कागदपत्रांत नव्हतं.

बायका बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. पाचाच्या वर होत्या. शिपाई त्यांना हटकायला आला तेव्हा एकीने नोटीस दाखवली, ‘‘आमाला बोलावलंय.’’

२० मार्च, गुरुवार

बाररूममध्ये दिवसभर नागपूरचीच चर्चा. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, ‘‘बघा, १६३ नसतं तर काय झालं असतं.’’ खरं आहे. पण मला राहून राहून बारसू आठवत होतं, आणि ते मी तिथे बोलले.

एप्रिल २०२३. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू व्हायचं होतं. आधी हाच प्रकल्प नाणारला होता. लोकांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली. मग बारसू पुढे आलं. ज्या सड्यावर यंत्रं जायची होती तिथली कातळशिल्पं युनेस्कोच्या प्राथमिक यादीत आहेत, आमच्या शेजारच्या उक्षीच्या शिल्पाबरोबर. फेब्रुवारीत राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारलं गेलं होतं. त्यांनी रिफायनरीबद्दल लिहिलं होतं. वातावरण तापलेलं होतं हे कुणी नाकारत नाही. जमावबंदी लागली, आंदोलनातल्या पुढाऱ्यांना तालुक्यात यायला मनाई झाली, पोलिसांचा मोठा फौजफाटा आला. २५ एप्रिलला बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, शंभराहून अधिक जण ताब्यात घेतले गेले. २८ तारखेला खासदार विनायक राऊतांना ताब्यात घेतलं, सड्यावर अश्रुधूर सोडला. लाठीमार झाला असं गावकरी सांगत, झाला नाही असं प्रशासन.

माझी मावशी त्या बाजूच्या गावात राहते. तेव्हा सत्तरी ओलांडलेली. आंब्याचे दिवस, कलमांवर राखण करायला जायचं तर वाटेत पोलीस. फोनवर म्हणाली, ‘‘आमची वाट आमालाच बंद काय गो?’’ तिने आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती. त्या आठवड्यात दिली.

नागपुरात जाळपोळ झाली म्हणून माणसं घरात कोंडली. बारसूत माणसं आपल्याच जमिनीवर बसली म्हणून त्यांच्यावर तेच कलम लावलं. दोन्ही कागदांवर कारण एकच: सार्वजनिक शांतता. पण बारसूतल्या बायकांच्या हातात दगड नव्हता, त्यांच्याजवळ फक्त ‘नको’ होतं. सरकारचा प्रकल्प अडतो म्हणून शांतता भंगते, असं धरून चाललं तर विरोध करणारा प्रत्येक जण दंगेखोर ठरतो. राज्यघटनेच्या १९(१)(ख) मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क लिहिणाऱ्यांनी ‘विनाशस्त्र’ हा शब्द उगाच घातलेला नाही. शस्त्र नसेल तर जमाव हक्काचा आहे.

ज्येष्ठांनी मान हलवली, पण म्हणाले, ‘‘बाई, गर्दीत एखादा दगड येतोच.’’ येतो. मग दगड मारणाऱ्याला धरा. हजार बायकांना का धरायचं?

२१ मार्च, शुक्रवार

काल बोलणं अर्धवट राहिलं, रात्रभर डोक्यात चालू होतं.

बारसूच्या आधी जैतापूर. २०१० पासून माडबन, साखरी नाटे भागात अणुऊर्जा प्रकल्पाविरोधात सतत मनाई आदेश. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनासुद्धा जिल्ह्यात यायला बंदी, आणि ती मोडून आलेले निवृत्त न्यायमूर्ती कोळसे पाटील अटकेत. १८ एप्रिल २०११ ला नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला. आदेशाने शांतता राखली गेली असती तर तो आज चाळिशीत असता.

आणि बेळगाव. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने खासदार धैर्यशील माने यांना १४४ खाली बेळगावात प्रवेशबंदी केली, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. लोकशाहीची गळचेपी, आपल्या माणसांना भेटायचीही बंदी, असं सगळ्या पक्षांनी म्हटलं आणि ते बरोबर होतं. चार महिन्यांनी त्याच कलमाने आपल्याच राज्याने आपल्याच जिल्ह्यात आपल्या माणसांना बंदी केली, तेव्हा त्यातले बहुतेक आवाज गप्प होते किंवा पक्षाप्रमाणे वाटले गेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलणारे लोक बंदी मोडूनच विधानभवनाकडे निघाले होते. हुतात्मा चौकात आपण दर १ मे रोजी हार घालतो तो मनाई आदेश मोडणाऱ्यांना. ही गोष्ट राज्य चालवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असायला हवी.

रत्नागिरीला तर माणसं अडकवून ठेवायचा जुना अनुभव. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ ते १९१६ इथे नजरकैदेत राहिला आणि इथेच गेला. सावरकर १९२४ ते १९३७ जिल्ह्याची हद्द परवानगीविना ओलांडू शकत नव्हते, राजकारणात भाग घेऊ शकत नव्हते. त्या वेळी ते परकं सरकार होतं. आजही पोलीस अधिनियमाच्या ५६ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाला स्वतःच्या घरातून तोडणारा, आणि तो विरळाच वापरावा. निकाल छोटा आहे, वाचायला अर्धा तास लागतो. प्रत्येक उपविभागीय कार्यालयात तो मराठीत छापून ठेवावा.

२३ मार्च, रविवार

नागपुरातली संचारबंदी आज पूर्ण उठली. सहा दिवस. टप्प्याटप्प्याने, आधी काही ठाणी, मग काही तास सूट, मग सगळं. पुतण्या दूध आणि संत्री घेऊन आला, फोटो पाठवला. दंगलीत जखमी झालेला एक माणूस दवाखान्यात मरण पावल्याची बातमीही कालच आली. कुठल्याही आदेशाने तो परत यायचा नाही.

पण आदेश कसा असावा हे या सहा दिवसांत दिसलं. ठाण्यांची नावं लिहिलेली, जिथे शांतता आली तिथून आधी काढलेला, रोज तपासलेला. हे शक्य असतं. मग बाकीच्या जिल्ह्यांत का नाही?

इकडे पालखीच्या त्या गावचा निर्णय शुक्रवारी संध्याकाळी आला होता, लिहायचं राहिलं. जमावबंदी गावभरातून काढली. सहाण आणि पाखाडी एवढ्यापुरती ठेवली, मुदत ३१ मार्च. पालखी तिसऱ्या वाडीत आणि खालच्या दोन वाड्यांत बंदोबस्तात जाईल. वादातल्या दोन वाड्यांत यंदा जाणार नाही. दोन्ही तट माझ्यावर नाराज. काल पालखी तिसऱ्या वाडीत नाचली. मी गेले नव्हते, देवरुखात काम होतं.

२५ मार्च, मंगळवार

माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा दंडाधिकारी कार्यालयाला पाठवला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. गेल्या तीन वर्षांत कलम ३७ खाली किती मनाई आदेश निघाले, प्रत्येकामागे कुठल्या पोलीस अहवालाचा आधार, राज्य सरकारची मंजुरी कितींना घेतली, आणि ते मोडल्याबद्दल कुणावर गुन्हे नोंदले. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुन्हे मोर्चेकऱ्यांवर आहेत की तलवारी घेऊन नाचणाऱ्यांवर, ते त्यातून कळेल.

हे विचारायला आधार आहे. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या आनंदमार्गींच्या तांडव नृत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १४४ चे आदेश एकामागून एक काढत राहणं म्हणजे सत्तेचा गैरवापर. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं, शिवाय असे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करावे लागतील आणि कायदेशीर मतप्रदर्शन दडपायला ते वापरता येणार नाहीत असंही. पुढच्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठापुढे बीड जिल्ह्यातलं माजलगावचं प्रकरण आलं. लोकांना नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेने धरणं धरायचं होतं आणि आड आला तो हाच, कलम ३७ चा नेहमीचा आदेश. खंडपीठाने तो रद्द केला. कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं, आणि हा देश अहिंसक आंदोलनांनी स्वतंत्र झाल्याची आठवण दिली. कागद तोच, कलम तेच, जिल्हा फक्त वेगळा.

२७ मार्च, गुरुवार

पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक. रविवारी गुढीपाडवा, चंद्र दिसला तर सोमवारी ईद. शोभायात्रेवाले आले होते, जमातीची वडीलधारी मंडळी आली होती, व्यापारी, दोन सरपंच, पोलीस पाटील. ‘छावा’ आणि नागपूर दोन्ही सगळ्यांच्या मनात होतं, म्हणून सुरुवातीला कुणी काही बोलेना.

मी भिवंडीची गोष्ट सांगितली. १९८४ च्या दंगलीनंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि हवालदार महिन्यामागून महिना एकत्र बसले, गटार-पाण्याच्या तक्रारीसुद्धा तिथेच बोलले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी पेटली नाही. तिथे आधी लोकांमधली ओळख होती. संचारबंदीवर विसंबून ते झालं नसतं.

मग बोलणं सुरू झालं. शोभायात्रा सकाळी आठला निघून साडेदहाला शास्त्री पुलाजवळ संपेल. मशिदीसमोर ढोल थांबवायचे का, यावर ताणलं गेलं. जमातीतले एक आजोबा म्हणाले, आठ वाजता नमाजची वेळ नसते, थांबवू नका, फक्त तिथे रेंगाळू नका. शोभायात्रेच्या पोरांनी ते ऐकलं. ईदच्या सकाळी ईदगाहच्या रस्त्यावर गाड्या लावायच्या नाहीत, व्यापाऱ्यांनी कबूल केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं तर पुढे पाठवायच्या आधी या खोलीतल्या दोघांना विचारायचं, असं ठरलं आणि दोघांचे नंबर फळ्यावर लिहिले. तलवारी मिरवणुकीत नकोत, ही मागणी शोभायात्रेच्या प्रमुखांनीच मांडली.

निरीक्षकांना मी शेवटी विचारलं की हे सगळं लिहून घेतल्यावर रविवारी आणि सोमवारी पाच माणसांच्या मनाईचा काय उपयोग राहिला? ते म्हणाले, तो जिल्ह्याचा आदेश आहे, माझ्या हातात नाही. मग त्यांच्या हातात काय आहे ते मागितलं: बैठकीचं इतिवृत्त आजच जिल्हा कार्यालयाला पाठवा, आणि पुढचा आदेश काढण्यापूर्वी संगमेश्वरात या पंधरवड्यात काय घडलं याचा अहवाल त्याच्यासोबत जोडा. काही घडलं नसेल तर ‘काही घडलं नाही’ असं लिहा. त्यांनी इतिवृत्ताची एक प्रत मला सहीनिशी दिली आणि अहवालाचं पाहतो म्हणाले. सोमवारी विचारायला जाणार आहे.